विजेची मोटार आणि लांबचा पल्ला

"एकदा भरली की किती जाते?" विजेची मोटार दिसली की पहिला प्रश्न हाच निघतो, मग ती काटोलच्या बसस्थानकासमोर उभी असो की नागपूरच्या काटोल नाक्यावर. प्रश्न साधा आहे आणि विकणारा त्याचे उत्तर एका आकड्यात देऊन मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की त्या आकड्याने गिऱ्हाइकाचे समाधान होते, प्रवाशाचे होत नाही. लांबच्या पल्ल्याला निघणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न दोन आहेत. किती वेगाने गेले असता किती जाते, हा पहिला. संपल्यावर पुन्हा भरावयास किती वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या पदरचा जातो, हा दुसरा. पहिला प्रश्न यंत्राचा आहे, दुसरा माणसांचा. आमचे आयुष्य मोटार-कामगारांच्या संघटनेत गेल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाकडे आमचे लक्ष अधिक जाते, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिला समजल्याखेरीज दुसरा नीट कळत नाही, म्हणून यंत्रापासूनच सुरुवात करू.

प्रथम माप समजून घ्यावे. विजेच्या बिलावर जे युनिट छापलेले असते, तेच माप मोटारीच्या बॅटरीचे. हजार वॅटची शेगडी तासभर पेटती ठेवली म्हणजे एक युनिट खर्च होते. हल्ली रस्त्यावर दिसणाऱ्या मध्यम आकाराच्या विजेच्या मोटारीत ३० पासून ५० युनिटांपर्यंत वीज मावते आणि शहाण्या चालीने चालविल्यास एका युनिटात ती सहा-सात किलोमीटर जाते. आता पेट्रोलशी तुलना करा. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटांइतकी उष्णता साठविलेली असते. लिटरला १६ किलोमीटर जाणारी मोटार म्हणजे युनिटाला दोन किलोमीटरही नव्हे. पेट्रोलच्या इंजिनात पाऊण हिस्सा उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून वाया जाते. विजेच्या मोटारीत बॅटरीतील वीज बहुतेक सगळी चाकापर्यंत पोचते. काम करण्याच्या बाबतीत विजेचे यंत्र पेट्रोलच्या यंत्रापेक्षा तिप्पट-चौपट चोख आहे, यात वाद नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण साठवणीत आहे. ४० लिटर पेट्रोल म्हणजे वजनाने अवघे ३० किलो, आणि त्यात साडेतीनशे युनिटांवर ऊर्जा. ४५ युनिटांची बॅटरी मात्र अडीच-तीन क्विंटल भरते. म्हणजे पेट्रोलची मोटार ही मोठा खजिना घेऊन निघालेली उधळी बाई, आणि विजेची मोटार ही थोड्या पैशांत नेटका संसार करणारी. घराजवळ नेटक्या संसाराचे चालून जाते. परगावी निघाल्यावर मात्र जवळची पुंजी किती आणि वाटेत उसने कोठे मिळेल, याची चौकशी करूनच पाऊल उचलावे लागते.

काटोलपुरते पाहू. काटोल ते नागपूर सुमारे ६० किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले तर १२० किलोमीटर झाले. खर्च १७-१८ युनिटांचा. घरातील १५ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिट बॅटरीत जातात. रात्री जेवण करून मोटार लावली की पहाटेपर्यंत ती वीज भरून निघते. मीटरपासून बॅटरीपर्यंत जाताना दहा टक्क्यांच्या आसपास गळती होते, तीही हिशेबात धरा. घरचे युनिट १० रुपयांना पडते असे धरले तर किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये. पेट्रोल शंभराच्या वर असताना त्याच अंतराला सहा-साडेसहा रुपये. रोज नागपूरला जाणे-येणे असलेल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याने, डॉक्टराने किंवा वकिलाने ही मोटार घेतली तर ती खचित परवडेल. मात्र घरी अर्थिंग पक्के करून घ्यावे आणि मंजूर भार वाढवून घ्यावा. जुन्या वायरीवर रात्रभर १५ अँपिअर ओढणे म्हणजे भिंतीत निखारा ठेवून निजणे होय.

या हिशेबात एक शब्द आम्ही हळूच घालून गेलो: घरी. ज्याला अंगण आहे, ज्याची मोटार त्याच्या मीटरच्या हाकेच्या अंतरावर उभी राहते, त्याची मोटार तो झोपेत असताना भरते. त्याचा वेळ जात नाही. नागपुरात भाड्याच्या खोलीत राहून रस्त्याच्या कडेला टॅक्सी उभी करणाऱ्या चालकाला ही सोय नाही. त्याने सार्वजनिक ठिकाणी भरावयाची. तेथे घरच्या दराच्या दुपटीहून अधिक दर मोजावा लागणे नवलाचे नाही, शिवाय १८ टक्के जी.एस.टी. वेगळा. युनिट २२ रुपयांना पडले की किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांवर जातो. मोटार तीच आणि वीजही कोराडीचीच. पण ज्याच्याजवळ जागा आहे त्याला ती स्वस्त पडते आणि ज्याच्याजवळ नाही त्याला महाग.

कोराडीचे नाव निघाले म्हणून दोन शब्द. ही मोटार धूर सोडत नाही, हे सीताबर्डीवर उभे राहून खरे वाटते. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यास विचारा. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. कोळशाची वीज आहे तोवर धूर नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. तरीही एकंदर हिशेबात ही मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कमी इंधन जाळते, आणि सूर्याची वीज जसजशी वाढेल तसतसा हा फरक वाढेल. इतके सांगून हा विषय सोडतो. तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

आता छापील आकड्याकडे वळू. टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. म्हणजे युनिटाला दहा किलोमीटरांहून जास्त. असे प्रमाणित आकडे बंद खोलीत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक बेताच्या वेगाने काढलेले असतात. तेथे समोरून वारा येत नाही, मे महिन्याचे ऊन नसते, मागच्या बाकावर सासूबाई आणि टपावर सामान नसते. आकडा खोटा नव्हे. तो त्या खोलीतला आहे. रस्त्यावर त्याचे दोन तृतीयांश धरून चालावे, म्हणजे फसगत होत नाही.

पल्ला खाणारा सर्वांत मोठा राक्षस म्हणजे वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० च्या जागी ताशी १२० ने मोटार हाकली तर वेग दीडपट झाला, पण वाऱ्याचा विरोध सव्वादोनपट झाला. टायरांचे घर्षण फारसे वाढत नाही, म्हणून एकूण खर्च सव्वादोनपट होत नाही. तरीही ताशी ८० ला युनिटात सात किलोमीटर जाणारी मोटार ताशी १२० ला साडेचारावर येऊ शकते. ४५ युनिटांच्या बॅटरीत एका वेगाने ३१५ किलोमीटर आणि दुसऱ्या वेगाने २०० च. पेट्रोलच्या मोटारीतही हे घडते, पण तेथे टाकी मोठी आणि पंप जवळ, म्हणून कोणी लक्ष देत नाही. विजेच्या मोटारीने ही जुनी उधळपट्टी फक्त डोळ्यांसमोर मांडली. वऱ्हाडात दर दहा माणसांमागे एक तरी असा भेटतो की ज्याला कोणी ओलांडून गेलेले खपत नाही. त्याने ही मोटार लांब नेऊ नये.

विदर्भाच्या उन्हाविषयी लोक फार विचारतात. पारा ४५ च्या वर गेला असता मोटारीतील थंड हवेचे यंत्र तासाला एक-दीड युनिट खाते. ताशी १०० ने धावताना त्या तासात सोळा-सतरा युनिट चाकांवरच खर्च होतात, त्यामुळे हा भार जाणवत नाही. नागपूरच्या गर्दीत तासात वीस किलोमीटर सरकताना मात्र तो मोठा वाटतो. म्हणजे उन्हाळ्यात लांब पल्ल्याला थंड हवेची कंजूषी करण्याचे कारण नाही. खरी काळजी बॅटरीची घ्यावयाची. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. ती पूर्ण भरलेली ठेवून मोटार दिवसेंदिवस उन्हात उभी केली तर तिचे आयुष्य कमी होते. नव्या मोटारींत बॅटरी थंड राखण्यासाठी द्रव फिरवितात. भर उन्हात झपाट्याने चार्जिंग चालू असता जो पंख्याचा घरघराट ऐकू येतो तो त्याचाच. त्यातूनही बॅटरी तापली तर मोटार आपण होऊन वीज कमी ओढते आणि थांबा लांबतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघावे, हा बैलगाडीच्या काळचा सल्ला येथेही लागू पडतो.

घाट उतरताना बॅटरी भरते, असे सांगतात. भरते, पण किती ते मोजून पाहावे. उतारावर हीच मोटार जनित्र बनते आणि वेग रोखताना वीज परत साठविते. दीड टनाची मोटार इगतपुरीहून ठाणे जिल्ह्यात उतरली म्हणजे साडेपाचशे मीटरांच्या आसपास खाली आली. त्या उंचीची किंमत दोन-सव्वादोन युनिट होते. त्यातून दीड युनिट पदरात पडले तरी पुष्कळ. दहा किलोमीटरांची सोय झाली. येताना तोच घाट चढावयाचा आहे, हे विसरून चालणार नाही.

आता प्रत्यक्ष मुंबईला जाऊ. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. काटोलहून नागपूरच्या अंगाने शिवमडक्याला लागावयाचे, आणि आमण्यापासून पुढे मुंबई गाठावयाची. सगळे मिळून ८०० किलोमीटर धरू. ४५ युनिटांची मोटार, वेग ताशी १००, युनिटाला सहा किलोमीटर. घरून पूर्ण भरून निघालो आणि दहा टक्के शिल्लक राहीपर्यंत गेलो तर पहिला टप्पा २४० किलोमीटरांचा. पुढचे टप्पे मात्र इतके मोठे होत नाहीत, कारण वाटेत बॅटरी ८० टक्क्यांवर भरीत बसणे शहाणपणाचे नसते.

असे का, ते एस.टी.च्या उदाहरणाने सांगतो. रिकामी बस फलाटाला लागली की पहिले तीस उतारू दोन मिनिटांत बसून मोकळे होतात. शेवटच्या दहांना "दादा, जरा सरका" करीत, टोपल्या हलवीत जागा शोधावी लागते. बॅटरीत लिथियमचे कण असेच शिरतात. आधी भराभर, पुढे जागा उरत नाही तसतशी यंत्रणा प्रवाह कमी करते, नाही तर बॅटरी बिघडेल. ८० पासून १०० पर्यंतच्या शेवटच्या पंचमांशाला पहिल्या तीन-पंचमांशांइतका वेळ लागू शकतो. म्हणून रस्त्यावर १० ते ८० टक्के हाच व्यवहार. म्हणजे ४५ पैकी ३१ युनिट, म्हणजे १९० किलोमीटरांचा टप्पा. उरलेल्या ५६० किलोमीटरांना असे तीन टप्पे, म्हणून तीन थांबे.

घरी दहा तास घेणारी मोटार वाटेत तासाभरात कशी भरते? घरची वीज सेकंदाला शंभरदा दिशा पालटणारी, आणि बॅटरीला लागते एकाच दिशेची. ती बदलणारे यंत्र मोटारीतच बसविलेले असते, पण लहान असते. महामार्गावरील चार्जरमध्ये हे यंत्र मोठे, कपाटाएवढे, बाहेर उभे असते आणि जाड गनेतून बॅटरीला सरळ एकदिश प्रवाह देते. ६० किलोवॅटचा चार्जर तासाला ६० युनिट देऊ शकतो, पण घेणारी मोटार तितके घेईलच असे नाही. ३१ युनिटांना ५० मिनिटे धरणे व्यवहाराला धरून आहे. तीन थांब्यांचे अडीच तास झाले. पेट्रोलच्या मोटारीनेही चहा, जेवण, लघुशंका यांत दीड तास जातोच. म्हणजे विजेच्या मोटारीचा दंड तासाभराचा. सहकुटुंब सहलीला निघालेल्या माणसाला हा तास बोचू नये.

पण हा हिशेब चार्जर रिकामा आहे आणि चालू आहे, असे धरून केलेला आहे. रांग आली की तो कोसळतो. पेट्रोल पंपावर पैसे देण्याघेण्यासह एका मोटारीस पाच मिनिटे लागतात. एका नळीवर तासाला बारा मोटारी होतात. ५० मिनिटे घेणाऱ्या चार्जरवर तासाला एक, फार तर सव्वा. पंपाच्या एका नळीइतके काम करावयाचे तर दहा चार्जर उभे करावे लागतील. जेथे एकच चार्जर आहे तेथे तुमच्यापुढे दोनच मोटारी असल्या तरी तुमची पाळी येईपर्यंत पावणेदोन तास गेले. यंत्राचा वेळ मोजता येतो, रांगेचा येत नाही. चार्जर बंद असला तर पुढचा किती दूर, हा तिसराच प्रश्न. वाहतूकवाले यावर एक उपाय करतात तो सर्वांनी करावा. मोबाईलवर दिसणाऱ्या हिरव्या खुणेवर विसंबू नये, निघण्यापूर्वी त्या जागेवरच्या रखवालदारास किंवा हॉटेलवाल्यास फोन लावून "भाऊ, मशीन चालू आहे का, आणि किती गाड्या लागल्या आहेत?" असे विचारावे. आणि पहिल्या थांब्यावर पोचताना दुसरा गाठता येईल एवढी शिल्लक राखावी.

ही अडचण नवी नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाई आपल्या नवऱ्याने बनविलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरावर किलोमीटर दूर माहेरी गेल्या. वाटेत इंधन संपले. पंप नावाची चीज तेव्हा जगात नव्हती. त्यांनी वीसलोख गावी औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले आणि तेच मोटारीत ओतले. पहिल्यावहिल्या लांबच्या मोटारप्रवासाचा पंप म्हणजे एका औषधविक्याचे फडताळ होते. पंप रस्त्यांबरोबर आपोआप उगवले नाहीत. कोणी तरी भांडवल घातले, सरकारांनी परवाने दिले, मागणी वाढली, तेव्हा ते झाले. आपल्याकडे एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की वाहनाची बॅटरी भरून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्यास वीजविक्रीचा परवाना नको. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महामार्गावर दर २५ किलोमीटरांवर चार्जिंगची सोय असावी, असे मार्गदर्शन आले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानेही २५ किलोमीटरांचेच माप धरले, आणि समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली. अंतराचे माप ठीक आहे. आम्हाला त्यात एक कमी दिसते: दर २५ किलोमीटरांवर चार्जर किती, हेही ठरले पाहिजे.

रांगेने काय होते याचा धडा नागपूरने सबंध देशाच्या आधी घेतला आहे. २६ मे २०१७ रोजी ओला कंपनीने सरकारच्या सहकार्याने नागपुरात विजेच्या २०० वाहनांचा प्रयोग सुरू केला. मोठा समारंभ झाला. मुख्यमंत्री फडणवीस आणि केंद्रीय मंत्री गडकरी हजर होते. टॅक्सीसाठी मुख्यतः महिंद्रांच्या ई-२-ओ प्लस या छोट्या मोटारी होत्या, एका भरणीत शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणाऱ्या. टॅक्सी दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर फिरली तरच चालकाचे घर चालते. म्हणजे भर दुपारी, धंद्याच्या वेळेत, एकदा तरी चार्जिंगला लागणे आले, आणि सगळ्यांनाच ते एकाच सुमारास आले. २०१८ च्या आरंभी वृत्तसंस्थांच्या बातम्या आल्या की चालक तासन् तास रांगेत उभे आहेत, काहींनी मोटारी परत करून पुन्हा डिझेलची मोटार धरली आहे. यंत्र वाईट होते म्हणून हे झाले असे आम्ही म्हणत नाही. बॅटऱ्या आता मोठ्या झाल्या, चार्जर वेगवान झाले. पण त्या वेळी जमाखर्चात एक रकाना रिकामा राहिला होता. पेट्रोलची बचत दाखविली गेली, विजेचा खर्च दाखविला गेला. उभ्या असलेल्या माणसाचा तास कोणत्याच रकान्यात नव्हता. तो चालकाने आपल्या कमाईतून भरला.

हाच रिकामा रकाना आता मोठ्या गाड्यांकडे येत आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली बस गेली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एस.टी.ची 'शिवाई' ही विजेची बस धावली. तो दिवस योजणाऱ्यांचे आम्हाला कौतुक वाटते. पण एस.टी.ने विजेच्या बसगाड्या भाड्याने घेण्याची जी रीत धरली आहे, तीत गाडी आणि चालक कंत्राटदाराचा, वाहक एस.टी.चा, आणि कंत्राटदारास पैसे किलोमीटरवर. चार्जरला लागलेली गाडी किलोमीटर करीत नाही. कंत्राटदाराच्या दृष्टीने तो तास शून्य किमतीचा, आणि शून्य किमतीच्या तासाचा पगार देताना मालकाचा हात कसा आखडतो, हे आम्ही आजवर पुष्कळ वेळा पाहिले आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. पाच किंवा अधिक मोटार-कामगार असलेल्या धंद्यांस १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता. त्याने दिवसाचे आठ तास ठरविले, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती. कामाचे तास म्हणजे काय, तेही सांगितले: गाडी धावत असतानाचे काम, त्याला लागून असलेले दुय्यम काम, आणि शेवटच्या स्थानकावर नुसते हजर राहणे पंधरा मिनिटांहून कमी असेल तर तेवढे. दुय्यम कामात हिशेब देणे, गाडी ताब्यात घेणे-लावणे, तिची देखभाल ही सारी येत असत. त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. १९६१ साली डिझेल भरण्यास दहा मिनिटे लागत. ५० मिनिटे गाडीला खाऊ घालीत उभे राहण्याची कल्पना तेव्हा कोणास असणार?

मालक म्हणेल, ही ५० मिनिटे म्हणजेच विश्रांती. कायद्याचा अर्धा तास त्यात आला, उलट वीस मिनिटे जास्तच मिळाली. सरळ, एकसुरी महामार्गावर चालकाला थांबविणारी गाडी ही चालकाच्या भल्याचीच, असेही कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. समृद्धीवर डोळा लागून किती जीव गेले, हे विदर्भाला सांगावयास नको. पण थांबलेला माणूस विसावलेला असतोच असे नाही. गन अडकविली, चालू झाली की नाही पाहिले, मोबाईलवर पैसे भरले. मध्येच पुरवठा तुटला तर पुन्हा लावले. मागच्याने भोंगा वाजविला म्हणून भरल्याबरोबर गाडी हलविली. तेथे सावली नाही, बाक नाही, मुतारी नाही. ही विश्रांती नव्हे. ही गाडीची देखभाल आहे, आणि देखभाल हे दुय्यम काम आहे. म्हणून चार्जिंगचा वेळ कामाच्या तासांत धरावा, असे आमचे म्हणणे आहे. ज्याला मालकाने दुसरा माणूस देऊन गाडीपासून मोकळे केले, निजावयास खाट दिली, त्याच्या बाबतीत तो वेळ खुशाल विश्रांतीत धरावा. ॲपवरच्या टॅक्सीचालकाचे दुःख आणखी निराळे. त्याला कंपन्या कामगार म्हणतच नाहीत, भागीदार म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची ओळख मान्य केली, पण ती सामाजिक सुरक्षेच्या योजनांपुरती; रांगेतल्या तासाचा भाव त्यात कोठे नाही. तो भाड्याच्या दरातच यावा लागेल.

जे चालक कर्ज काढून स्वतःची विजेची टॅक्सी घेऊ पाहतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचा असतो. तिची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. वकिलाची मोटार आठ वर्षांत एवढी फिरत नाही. टॅक्सी दिवसाला दोनशे किलोमीटर फिरली, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर पावणेतीन वर्षांतच हमी संपते, आणि कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे. शिवाय भाड्याने चालविणाऱ्या मोटारीस हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात. बारीक अक्षरांतला तो कागद सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

काटोलच्या बसस्थानकावर किंवा बाजार समितीच्या आवारात चार्जर बसविण्याची गोष्ट निघेल तेव्हा नगर परिषदेपुढे मागणी करताना एकच चार्जर मागू नये, दोन मागावेत. एक बिघडला तर दुसरा असतो. संत्र्याच्या हंगामात तेथे काय गर्दी होते हे सर्वांस ठाऊक आहे. वर टिनाचे छत, प्यावयास पाणी, रात्रीचा दिवा आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी मुतारी एवढे चार्जरच्या अंदाजपत्रकातच लिहून घ्यावे; मागाहून ते होत नाही.

आणि चालकांनी आजपासून एक वही ठेवावी. चार्जरला पोचलो ती वेळ, गन लागली ती वेळ, सुटली ती वेळ, युनिट किती आणि पैसे किती, असे पाच रकाने. मोबाईलवरची पावती फक्त गन लागल्यापासूनचा वेळ दाखविते. त्याआधी रांगेत गेलेला वेळ तीत नसतो. महिनाअखेर त्या वहीची बेरीज करून एक प्रत संघटनेच्या कचेरीत आणून द्यावी. मालकाशी किंवा कंपनीशी बोलणी करावयास बसू तेव्हा तीच टेबलावर ठेवावयाची आहे.